आतली माती

आषाढ सरत आला की कोकणातील त्या गावात गणपतीची शाळा उघडत असे. शाळा म्हणजे एका मूर्तिकाराच्या घराची लांबट पडवी. पण तिला सारा गाव शाळाच म्हणे. नागपंचमीच्या सुमारास घरोघरचे पाट तेथे येऊन भिंतीला टेकत, आणि थोड्याच दिवसांत प्रत्येक पाटावर मातीचा एकेक गोळा येऊन बसे. बाहेर पावसाची संततधार आणि आत ओल्या मातीचा गार वास! खरी शाळा सुटली की गावातील मुले या दुसऱ्या शाळेकडे धाव घेत. त्यांत बारा वर्षांचा एक मुलगा असा होता, की त्याला घरी न्यायला रोज त्याच्या आईला दारापर्यंत यावे लागे.

प्रथम तो नुसती माती मळीत असे. मग त्याला उंदीर करण्याचे काम मिळाले. गणपतीच्या पायाशी बसणारा उंदीर ही त्या शाळेतील पहिली इयत्ता होती. त्याने केलेला उंदीर आता पळेल की मग पळेल असा दिसे. मूर्तिकार तो उचलून पाही, काही न बोलता पाटावर ठेवी आणि पुन्हा आपल्या कामाला लागे. मुलाला तेवढे पुरत असे.

घरी गेल्यावर हे सारे तो आजीला सांगे. आजीची दृष्टी काही वर्षांपूर्वीच अधू झाली होती. उजेड आणि सावली यांपलीकडे तिला फारसे काही दिसत नव्हते. परंतु तिची बोटे मोठी तीक्ष्ण होती. तांदळातला खडा ती डोळसांच्या आधी वेचून काढी. नातवाने खिशातून आणलेला मातीचा उंदीर तिने एकदा बोटांनी चाचपला आणि ती म्हणाली, "याचा एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा झाला आहे रे." आणि खरोखरच तो तसा झाला होता!

त्याच संध्याकाळी ती सहज बोलून गेली, "आता माझे तोंड करून दाखव एकदा."

"आजी, तुझे तोंड तर तुला हाताने रोजच कळते," मुलगा म्हणाला.

"ते मला कळते रे. पण तुला ते कसे दिसते, हे मला कसे कळावे?"

मुलाने हे बोलणे मनावर घेतले. गौरीगणपती होऊन गेले, पडवी रिकामी झाली, उरलेली माती मूर्तिकाराने त्याला देऊन टाकली. ती माती घेऊन तो आजीसमोर बसला. पंधरा दिवस आजी जपमाळ ओढीत ओटीवर बसे आणि समोर तिचे दुसरे डोके हळूहळू आकाराला येई. खोल गेलेले गाल, किंचित बाकदार नाक, मानेवरचा लहानसा अंबाडा. मुलाला एकच पद्धत ठाऊक होती. मातीचा भरीव गोळा घ्यायचा, दाबायचा, चढवायचा, खरवडायचा. त्या शाळेतील लहान मूर्ती अशाच भरीव घडत. त्या सावलीत सावकाश वाळत, रंगत, आणि दीड, पाच किंवा अकरा दिवसांनी पाण्यात जाऊन पुन्हा माती होत. ज्या मूर्तीला विरघळायचेच असते, तिला विस्तवाची गरज काय?

डोके वाळले. आजीने ते मांडीवर घेतले आणि त्यावरून हात फिरवीत ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इतकी म्हातारी झाले का रे मी?" आणि हसली. त्या दिवसापासून ते डोके तिच्या उशाशी राहू लागले. येता-जाता ती त्यावर हात फिरवी. हात कधी ओला असे, कधी तेलकट. आठ दिवसांत नाकाचे टोक झिजले, दहाव्या दिवशी कानाची पाळी निखळली. कच्च्या मातीला माणसाचा हात सोसत नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पुढे उत्खनन केले, तेव्हा एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची एक बिनशिराची स्त्रीमूर्ती आणि मातीचा बैल सापडला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या मूर्ती टिकल्या, कारण त्या पुरलेल्या होत्या आणि त्यांना कोणी हात लावत नव्हते. आजीच्या डोक्याचे मात्र सारे प्रयोजनच हात लावण्यात होते.

"आपण ते भाजून आणू," मुलगा म्हणाला.

गावाच्या टोकाला कुंभारवाडा होता. पाऊस ओसरला की तेथे आवा पेटे. मुलाने नाक पुन्हा बसवले, कान चिकटवला, डोके चार दिवस उन्हात ठेवले आणि पोत्यात गुंडाळून तो ते कुंभाराकडे घेऊन गेला. म्हातारा कुंभार ते हातात घेताच म्हणाला, "पोरा, हे फार जड आहे."

"आबा, वाळले आहे ते. हात लावून पाहा ना."

"वरून वाळले आहे," आबा म्हणाले. पण मुलाचे तोंड पाहून त्यांना नाही म्हणवेना. मडक्यांच्या उतरंडीच्या एका कडेला त्यांनी ते डोके ठेवले. पेंढा, गोवऱ्या, लाकडे रचून आवा पेटला. धूर निघाला, मग जाळ दिसू लागला. तासाभराच्या आतच आतून असा आवाज झाला, की झाडावरचे कावळे उडाले. पाठोपाठ दुसरा, मग तिसरा. आबा तोंडाने काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त डोक्यावरचे मुंडासे काढून मांडीवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी राख उपसली, तेव्हा आजीच्या डोक्याचे हाताच्या पेराएवढे तुकडे सापडले. एका तुकड्यावर अर्धी भुवई तेवढी ओळखू येत होती. परंतु मुलाला अधिक लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या स्फोटाने आबांची दोन मोठी मडकीही फुटली होती. त्याने पैसे देऊ केले, म्हणजे आईकडून मागून आणतो म्हणाला. आबांनी पैसे घेतले नाहीत. "आठ दिवस सकाळी माती तुडवायला ये," ते म्हणाले. हा न्याय मुलाला पटला आणि तो रोज पहाटे जाऊ लागला. माती तुडवताना त्याला जे कळले, ते केवळ पैसे देऊन सुटला असता तर कळले नसते.

"तुझे डोके पाण्याने फोडले," आबा एका सकाळी म्हणाले.

"पाण्याने? विस्तवाने नव्हे?"

"विस्तव तर माझ्या मडक्यांनाही होता. ती कुठे फुटली? तुझे डोके फुटले म्हणूनच ना?"

या म्हणण्यामागील शास्त्र असे आहे. मळलेल्या मातीत पाणी असते, तसे ते उन्हात वाळलेल्या मातीतही असते. दिसत नाही इतकेच. मडक्याची भिंत बोटभर जाडीची असते. तिच्यातील पाणी दोन्ही बाजूंनी उडून जाते. पण वीतभर जाड गोळ्याच्या मध्यभागी असलेल्या पाण्याला बाहेर येण्यास फार लांबची वाट चालावी लागते. वरचा थर आधी वाळतो, आकसतो, घट्ट होतो आणि आतल्या ओलाव्याची वाट आणखीच अरुंद करतो. अशा गोळ्याला भट्टीत घातले की १०० अंशांपाशी आतल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला मूळ पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा हवी असते. एवढी जागा मातीच्या पोटात कोठून मिळणार? मग ती जागा ती स्वतःच करून घेते. आत हवा कोंडली म्हणून मूर्ती फुटते, असे पुष्कळजण समजतात. पण मातीचे पोट खरोखर कोरडे असेल, तर थोडीशी हवा तिला सहसा फोडीत नाही. अपराध बहुधा पाण्याचा असतो.

पुढे उष्णता वाढत गेली की आणखी एक बदल घडतो. सुमारे ५०० ते ६०० अंशांपर्यंत मातीच्या कणांतच बांधलेले पाणीही निघून जाते, आणि त्यानंतर ती पुन्हा कधीच चिखल होऊ शकत नाही. मग तिच्यावर पाणी ओता, हात फिरवा, वर्षानुवर्षे जमिनीत पुरून ठेवा. आजीच्या डोक्याला तेथवर जायचे होते. पण पहिल्या १०० अंशांचा उंबरठाच त्याला ओलांडता आला नाही.

"म्हणजे मी आतून पोकळ डोके करू?" मुलाने विचारले.

आबा हसले. "मी चाकावर पोकळच करतो. पण मडक्याला नाक-डोळे नसतात. तुझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या गुरुजींना विचार."

गुरुजी मुंबईच्या कलाशाळेत शिकून आलेले होते. खेड्यातील शाळेत त्यांच्या त्या शिक्षणाचा उपयोग बहुधा पताका आणि फलक रंगवण्यासाठीच होत असे. मुलाने सारी हकीकत सांगताच त्यांनी कपाटातून एक जुने जाडजूड पुस्तक काढले आणि खिडकीपाशी उघडले. पहिले चित्र चीनमधले होते. १९७४ मध्ये शिआन शहराजवळ विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना जमिनीखाली मातीचे सैनिक सापडले. इसवी सनापूर्वी २१० मध्ये मरण पावलेल्या एका सम्राटाच्या समाधीचे ते रक्षक. अशा हजारो सैनिकांचे पाय भरीव, पण धड मात्र मातीच्या वळ्या एकीवर एक चढवून पोकळ उभारलेले, आणि डोके वेगळे करून वर बसवलेले. मग गुरुजींनी आपल्याकडील तेरचे नाव काढले. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सातवाहनांच्या काळातील केओलीन नावाच्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती मिळाल्या आहेत. त्यांतल्या कित्येक पुढचा एक आणि मागचा एक असे दोन साचे वापरून केल्या आहेत, म्हणून त्याही आतून पोकळ आहेत.

"मग मीसुद्धा पहिल्यापासून पोकळच करतो," मुलगा उतावीळपणे म्हणाला.

"करता येईल. पण तुला आजीचे गाल जितके हवेत तितकेच आत दाबायचे आहेत. पोकळ भिंत दाबलीस, तर ती खचेल. आज केलेले नाक उद्या तुला दोन बोटे वर न्यावेसे वाटले तर? भरीव मातीत चुकायला जागा असते." असे म्हणून त्यांनी तिसरे चित्र उघडले. इटलीतील फ्लॉरेन्स शहरातला एक तरुण, छातीवर चिलखत, चेहऱ्यावर थोडा गर्व. लिओनार्दोचे गुरू व्हेरोक्कियो यांनी घडवलेला हा जुलियानो दे मेदिची याचा भाजक्या मातीचा अर्धपुतळा. १४७८ मध्ये जुलियानोचा खून झाला. पुतळा मात्र आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात शाबूत आहे. "त्या काळचे तेथले कारागीर अनेकदा आधी भरीव मूर्ती घडवीत," गुरुजी म्हणाले, "ती पुरती करीत. आणि मग तिला आतून कोरून रिकामी करीत."

"पुरती झाल्यावर?"

"पुरती झाल्यावर. मागून नाहीतर खालून कोरता येते. पण डोके असेल, तर बहुधा ते कापावे लागते."

मुलगा त्या दिवशी गुरुजींशी आणखी काही बोलला नाही.

दिवाळीच्या सुटीत त्याने दुसरे डोके करावयास घेतले. या खेपेस मातीत आबांनी दिलेली चाळलेली राख आणि बारीक वाळू मिसळली होती. मध्ये आधारासाठी एक दांडका होता, पण त्यावर गुरुजींनी वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायला लावला होता. माती वाळताना आकसते, लाकूड आकसत नाही. कागद नसता तर दांडक्याभोवती माती तडकली असती आणि दांडका बाहेरही निघाला नसता. पहिल्या डोक्यापेक्षा हे डोके किती तरी सरस उतरले. आजी काही आठवून मनाशी हसते तेव्हा तिच्या डाव्या डोळ्याखाली एक बारीक सुरकुती पडत असे. ती सुरकुती त्याला पहिल्या खेपेस दिसलीच नव्हती. आता ती मातीत उमटली आणि डोके एकाएकी आजीसारखे झाले. आई दारातून पाहत उभी राहिली आणि नकळत तिने पदर सावरला.

आता तेच डोके कापायचे होते.

पहिला दिवस मुलाने टाळला. दुसऱ्या दिवशी डोक्यावर ओले फडके घालून तो म्हणाला, माती अजून मऊ आहे. तिसऱ्या दिवशी गुरुजी स्वतःच घरी आले. त्यांनी फडके काढून अंगठा दाबून पाहिला. अंगठा रुतला नाही. नखाने मात्र ओरखडा उठला. माती साबणाच्या ओल्या वडीसारखी झाली होती. "आज," ते म्हणाले. "कालपर्यंत ती कापताना वाकडी झाली असती. उद्या-परवा ती तारेने कापणारच नाही. ही वेळ दोनदा येत नाही."

"गुरुजी, असेच राहू द्या ना. कपाटात ठेवू. कोणी हात लावणार नाही."

आई म्हणाली, "घरातल्या वडील माणसाच्या मस्तकावर तार चालवायची, हे मलाही बरे वाटत नाही."

ओटीवरून आजीचा आवाज आला, "अग, काय करायचे आहे त्या डोक्याचे?"

कोणी तरी सांगितले, की ते आतून रिकामे करायचे आहे.

"मग भितो कशाला?" आजी म्हणाली. "त्यात फार काही सापडायचे नाही. काल ठेवलेला चष्मा कोठे आहे ते मला आज आठवत नाही!"

सगळे हसले. मुलगाही हसला, पण त्याचे हात गार पडलेच होते. त्याने एका कानामागून टाळूवरून दुसऱ्या कानामागे एक रेघ ओढली आणि त्या रेघेवर तीन ठिकाणी आडव्या खुणा केल्या, म्हणजे तुकडा परत बसवताना जागा चुकू नये. दोन काड्यांना बांधलेली बारीक तार गुरुजींनी त्याच्या हाती दिली. आपण स्वतः त्यांनी ती धरली नाही, ही त्यांची मोठी समज म्हटली पाहिजे. तार मातीत शिरली. आवाज झाला नाही. आधी पाहिलेल्या स्फोटापेक्षा ही शांतता मुलाला कठीण गेली. मग डोक्याचा मागचा भाग अंबाड्यासकट अलगद सुटून हातात आला, आणि आत दिसली ती फक्त ओली, एकसारखी माती. त्यात आजी कोठेच नव्हती. ती सारी बाहेरच्या बोटभर थरात होती.

हे पाहिल्यावर त्याचे भय बरेच ओसरले. टोकाला तारेचा वेढा बसवलेल्या लाकडी कोरणीने तो आतली माती काढू लागला. भिंत सगळीकडे अंगठ्याएवढी जाड राहिली पाहिजे, कोठे जाड आणि कोठे पातळ असे नको, हे गुरुजींनी बजावले होते. जाड भाग सावकाश आकसतो, पातळ भाग लवकर. दोघांच्या ओढाताणीत मूर्ती तडकते. म्हणून नाकाच्या मागे खोल जायचे, हनुवटीच्या मागे खोल जायचे, आणि गालापाशी हात आवरायचा. बाहेरून ज्या चेहऱ्यावर उंचवटे त्याने पंधरा दिवस घडवले होते, तोच चेहरा आता त्याला आतून, उलटा, बोटांनी ओळखावा लागत होता. आजी वस्तू पाहते ती अशीच असेल, असे त्याला वाटून गेले. दांडका कागदासह निघाला. अंबाड्याच्या गोळ्यालाही पोकळ करून त्याचे पोट मुख्य पोकळीला भोकाने जोडावे लागले. पाहता पाहता बालदी मातीने भरली.

आणि गालापाशी हात आवरला नाही. कोरणी डाव्या गालातून आरपार बाहेर आली. सुरकुतीपासून जेमतेम बोटभर अंतरावर एक भोक पडले. मुलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. गुरुजींनी भोकाच्या कडा खरवडल्या, बालदीतलीच थोडी माती घेऊन आतून-बाहेरून डाग दिला आणि "पुढे चल" एवढेच म्हटले.

कापलेल्या दोन्ही कडांवर त्याने काटकोळीने आडव्या-उभ्या चिरा पाडल्या, त्यांवर मातीची दाट लापशी फासली आणि खुणेला खूण जुळवून मागचा तुकडा परत बसवला. बाहेरचा सांधा केसांच्या रेषांत सहज लपला. पण सांधा आतूनही दाबायला हवा होता. आत जायला मानेच्या तळाचे भोक तेवढे शिल्लक होते. गुरुजींचा हात त्यातून जाईना. मुलाचा गेला. मातीची ओली वात बोटांवर घेऊन त्याने अंधारातल्या अंधारात तो सांधा या कानापासून त्या कानापर्यंत दाबून काढला. डोळे मिटून दाबले की नीट कळते, हे त्याच्या ध्यानात आले. मानेचे भोक वाफेला वाट म्हणून तसेच उघडे ठेवले.

मग तीन आठवडे सावली. नाक आणि कान आधी वाळू नयेत म्हणून त्यांवर दमट चिंधी. घरात कोणी मोठ्याने दार लोटले तरी मुलगा दचके.

मार्गशीर्षात आबांनी पुन्हा आवा रचला. या खेपेस ते डोके त्यांनी मधोमध, एका फुटक्या रांजणाच्या आत, जाळ थेट लागणार नाही असे ठेवले. ज्याने त्यांची दोन मडकी फोडली होती, त्याच्या डोक्याला आव्यातील सर्वांत चांगली जागा मिळाली. रात्रभर नुसत्या धुराने आवा तापवला. मुलगा घोंगडी पांघरून जवळच बसून राहिला. पहाटे जाळ वाढवला. मुलाने श्वास आवरून कान दिले. लाकडे तडतडत होती. प्रत्येक तडतडीसरशी तो आबांच्या तोंडाकडे पाही आणि आबा नकारार्थी मान हलवीत, म्हणजे 'हे ते नव्हे.' दुपार झाली. आवाज झाला नाही. संध्याकाळी आबांनी मुंडासे डोक्यावर नीट बसवले आणि म्हणाले, "जा आता, जेवून ये."

आवा निवायला आणखी एक दिवस लागला. राखेतून डोके निघाले ते तांबूस रंगाचे, एका कानशिलावर धुराचा काळा पट्टा उठलेला. मुलाने बोटाने टिचकी मारून पाहिली. मडक्यासारखा खणखणीत नाद आला. पोत्यात न गुंडाळता, छातीशी धरून त्याने ते घरी नेले.

आजीने ते मांडीवर घेतले. कपाळ, भुवया, नाक, सारे तिने सावकाश पाहिले. "बारीक झाले मी," ती म्हणाली. ते खरेच होते. वाळताना आणि भाजताना माती सुमारे दहाव्या हिश्शाने आकसली होती. तिची बोटे डाव्या गालावर थांबली. "इथे काय झाले होते?"

मुलाने कोरणीची गोष्ट सांगितली.

"असू दे. त्या गालाला मला लहानपणी गळू झाले होते, ते तुला कोणी सांगितले नव्हते." मग तिने ते डोके उलटे केले. मानेचे भोक तिच्या हाताला लागले आणि आपला सुकलेला हात तिने मनगटापर्यंत आत घातला. तो बराच वेळ आतच होता. आई चुलीपाशी थांबली, मुलगाही काही बोलला नाही.

"इथे तुझी बोटे आहेत," आजी म्हणाली. सांध्यावर दाबलेले ते खळगे तिला सापडले होते. तिने आपली चार बोटे एकेक करून त्यांत ठेवून पाहिली.